सापडत नाही, म्हणजे कुठे शोधले?

“प्रोसिजर सापडत नाही” हा संदेश संगणकाच्या पडद्यावर ज्या ज्या वेळी येतो, त्यांपैकी फार थोड्या वेळी ती प्रोसिजर खरोखर नाहीशी झालेली असते. बहुतेक प्रसंगी ती डेटाबेसमध्ये आपल्या जागी असते, काल चाललेली असते आणि शेजारच्या संगणकावरून आजही चालत असते. ज्या प्रोग्रामने तिला बोलावले त्याच्यासाठी डेटाबेसने ज्या जागा धुंडाळल्या, त्यांत मात्र ती नसते. त्यामुळे “ती का नाही” या प्रश्नाचा पाठलाग करणारा माणूस तासन्‌तास भरकटतो आणि “शोध कुठे घेतला गेला” असा प्रश्न विचारणारा बहुधा लवकर मोकळा होतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डेटाबेस सहसा आपणहून देत नाही, आणि दिले तरी ते संदेशातील एखाद्या दुर्लक्षित शब्दात दडलेले असते.

शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर आणि त्याच्या भोवतालचा कृष्णाकाठ हा उसाचा मुलूख असल्यामुळे या विषयाचे उदाहरण ऊसबिलावरून घेणे सोयीचे आहे. ते उदाहरण कल्पित असून कोणत्याही कारखान्याच्या प्रणालीचे वर्णन नाही. काट्यावर गाडीचे वजन झाले की त्याची नोंद डेटाबेसमधील एका टेबलात जाते, सभासदाची ऊसनोंद दुसऱ्या टेबलात असते, हंगामाचा दर तिसऱ्यात आणि सेवा सोसायटीच्या कर्जाची वसुली चौथ्यात. पंधरवडा संपला की या साऱ्यांचा मेळ घालून प्रत्येकाचे बिल काढावे लागते; ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे ऊस पुरवल्यापासून 14 दिवसांत पैसे देणे बंधनकारक असल्यामुळे आणि विलंब झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज लागू होत असल्यामुळे हे काम लांबवता येत नाही. अशा कामाच्या आज्ञा एकदाच लिहून, त्या मालिकेला नाव देऊन ती डेटाबेसमध्येच साठवून ठेवली, की तिला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. मग हिशेब खिडकीवरच्या संगणकाने मागितलेला असो, मोबाइल अॅपने मागितलेला असो वा रात्री आपोआप चालणाऱ्या कामाने मागितलेला असो, सर्वांनी ‘ऊसबिल’ या एकाच नावाने ती प्रोसिजर कॉल करावी आणि हिशेबाची रीत एकाच जागी राहावी, हा त्यामागचा हेतू असतो.

अडचण नावापासून सुरू होते. एका डेटाबेसमध्ये ‘ऊसबिल’ नावाच्या अनेक प्रोसिजर असू शकतात, कारण नावे ठेवण्यासाठी त्यात वेगवेगळे कप्पे केलेले असतात. आयबीएमच्या जुन्या परंपरेत या कप्प्याला लायब्ररी म्हणतात आणि इतरत्र स्कीमा. रमेझ एल्मासरी आणि शामकांत नवाथे यांच्या 1989 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सुपरिचित असलेल्या पाठ्यपुस्तकात स्कीमा ही मुख्यतः विदेच्या, म्हणजे डेटाच्या, रचनेचे वर्णन म्हणून भेटते, तर नोकरीत रुजू झाल्यावर तोच शब्द नावांचा कप्पा म्हणून समोर येतो, आणि नवशिक्यांचा पहिला गोंधळ येथेच होतो. कप्प्याचे नाव जोडून लिहिलेल्या नावाला येथे पूर्ण नाव म्हणू आणि कप्प्याविना लिहिलेल्या नावाला सुटे नाव. उदाहरणार्थ, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपुरात गल्ल्यांना क्रमांक आहेत. गावातल्या गावात “सहावी गल्ली” एवढा पत्ता पुरतो, परंतु त्याच पत्त्यावरचे पत्र इचलकरंजीतून टाकायचे असेल तर गावाचे नाव लिहिणे भाग पडते. सुटे नाव असेच, कोण कुठे उभे राहून उच्चारतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

ही व्यवस्था सर्वांत स्पष्टपणे दिसते ती आयबीएमने 21 जून 1988 रोजी जाहीर केलेल्या एएस/400 या संगणकात. त्याची कार्यप्रणाली पुढे अनेक नावे बदलत 2008 पासून आयबीएम आय म्हणून ओळखली जाते, आणि बँका, विमा कंपन्या, कारखाने व घाऊक व्यापार यांत ती जगभर अजूनही टिकून आहे. या प्रणालीत प्रत्येक वस्तू कोणत्या तरी लायब्ररीत असते, आणि एक मूळ लायब्ररी सोडली तर लायब्ररीच्या पोटात दुसरी लायब्ररी ठेवता येत नाही. म्हणजे कप्पे एकाच पातळीवर मांडलेले असतात. चालू असलेल्या प्रत्येक कामाला, ज्याला तेथे जॉब म्हणतात, स्वतःची एक लायब्ररी लिस्ट मिळते. तिच्यात आधी प्रणालीच्या लायब्ररी, मग एखाद्या उत्पादनाची, त्यानंतर चालू लायब्ररी आणि शेवटी वापरकर्त्याच्या लायब्ररी असा क्रम असतो. वापरकर्त्याच्या भागात आरंभी 25 नावे मावत, पुढे ती मर्यादा 250 झाली. सुटे नाव आले की प्रणाली ही यादी वरून खाली वाचत जाते आणि त्या नावाची, त्या प्रकारची पहिली वस्तू मिळाली की थांबते.

‘पहिली मिळाली की थांबते’ या नियमात या पद्धतीची सारी सोय आहे आणि सारा धोकाही. यादीत चाचणीची लायब्ररी वर ठेवली की तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, चाचणीच्या विदेवर चालतो, आणि ती काढली की खऱ्या विदेवर. गळीत हंगाम दोन इसवी सनांत विभागलेला असल्यामुळे प्रत्येक हंगामाला स्वतंत्र लायब्ररी देऊन केवळ यादी बदलून मागच्या हंगामात डोकावता येते. कित्येक दशके जुने प्रोग्राम आज विनाबदल चालतात त्याचे श्रेय काही अंशी या यादीला द्यावे लागते. नव्या पिढीतील अभियंते तिला जुनाट मानतात, पण ते रास्त नाही. ही कल्पना पुढे इतर डेटाबेसांनी थोड्याफार फरकाने स्वीकारलेलीच आहे.

गुंता वाढला तो एसक्यूएल ही डेटाबेसची प्रमाण भाषा या जुन्या घरात राहायला आली तेव्हा. आयबीएम आयवर आजही नावे वाचण्याच्या दोन रीती नांदतात. सिस्टिम नामपद्धतीत लायब्ररी आणि वस्तू यांच्या मध्ये तिरकी रेघ लिहिण्याची परंपरा आहे आणि सुटे नाव लायब्ररी लिस्टमधून शोधले जाते. एसक्यूएल नामपद्धतीत मध्ये टिंब येते आणि लायब्ररी लिस्टकडे पाहिलेही जात नाही. तेथे सुट्या नावाचे टेबल एकाच ठरावीक स्कीमात शोधले जाते, आणि तो स्कीमा निराळा सांगितला नसेल तर वापरकर्त्याचे स्वतःचे नाव हाच स्कीमा मानला जातो. म्हणून संदेशातील दुसरे नाव नीट वाचणे लाभाचे ठरते. अमुक वस्तू ‘लिबल’मध्ये, म्हणजे लायब्ररी लिस्टमध्ये सापडली नाही असे संदेश म्हणत असेल तर सिस्टिम पद्धत लागू आहे आणि यादी तपासायला हवी, अमुक वस्तू एखाद्या कर्मचाऱ्याच्या लॉगिन नावात सापडली नाही असे विचित्र वाक्य दिसले तर एसक्यूएल पद्धत लागू आहे आणि यादीत कितीही लायब्ररी भरल्या तरी उपयोग होणार नाही. टेबल सापडले नाही की एसक्यूएल0204 हा क्रमांक येतो. त्याच्या शेजारी कोणती लायब्ररी छापली आहे हे न वाचताच दुरुस्तीला लागणारे पुष्कळ असतात.

यापुढचा सापळा अधिक सूक्ष्म आहे. टेबल शोधण्याचा नियम आणि प्रोसिजर शोधण्याचा नियम हे दोन वेगळे आहेत. आयबीएमच्या डीबी2 डेटाबेसमध्ये सुट्या नावाचे टेबल चालू स्कीमावरून ठरते, परंतु सुट्या नावाची प्रोसिजर ‘करंट पाथ’ नावाच्या वेगळ्या यादीतून शोधली जाते, आणि एसक्यूएल पद्धतीत या यादीत आरंभी प्रणालीचे काही स्कीमा आणि वापरकर्त्याचे नाव एवढेच असते. परिणाम असा होतो की कर्मचारी चालू स्कीमा बदलतो, काट्याच्या टेबलावरची क्वेरी लगेच चालू लागते, त्यावरून जोडणी आता ठीक झाली असा तो निष्कर्ष काढतो, आणि पुढच्याच ओळीतील ‘ऊसबिल’चा कॉल मात्र पूर्वीसारखाच अपयशी ठरतो. दोष त्याच्या तर्काचा नसतो. एकाच जोडणीतील दोन सुटी नावे दोन वेगवेगळ्या वाटांनी शोधली जातात, असे कोणाच्या मनात सहजी येणार नाही. सिस्टिम पद्धतीत दोन्ही वाटा मुळात लायब्ररी लिस्टवर येऊन मिळतात, परंतु तेथेही कोणी एकदा पाथ स्पष्टपणे ठरवून दिला की त्या जोडणीपुरती प्रोसिजरसाठी लायब्ररी लिस्ट बाजूला पडते, आणि पाथ पुन्हा तिच्याकडे वळवेपर्यंत तशीच राहते.

“हिरव्या पडद्यावर चालते, पण जावातून चालत नाही” ही या क्षेत्रातील नित्याची तक्रार आहे. हिरवा पडदा म्हणजे एएस/400चा जुना, केवळ अक्षरांचा पडदा. तेथे लॉगिन करताना कर्मचाऱ्याच्या नावाशी जोडलेली व्यवस्था यादीत योग्य लायब्ररी भरते, आणि बऱ्याच ठिकाणी लॉगिननंतर आपोआप चालणारा एखादा छोटा प्रोग्राम आणखी काही लायब्ररी तिच्यात घालतो. जावातील प्रोग्राम मात्र जेडीबीसी या जोडणीतून येतो. त्याचे काम आधीच सुरू करून ठेवलेल्या सर्व्हर जॉबमध्ये होते आणि लॉगिननंतरचा तो छोटा प्रोग्राम तेथे चालतच नाही. जोडणीच्या ओळीत नामपद्धती आणि लायब्ररींची यादी देण्याची सोय आहे, पण त्याच ओळीत कोणी काळजीपोटी डिफॉल्ट स्कीमाही लिहून ठेवला, तर सुट्या नावाच्या टेबलांसाठी तोच एक स्कीमा पाहिला जातो आणि शेजारी लिहिलेली यादी निरुपयोगी होते. अधिक माहिती दिल्यामुळे काम बिघडण्याचे असे उदाहरण इतरत्र क्वचितच मिळेल.

प्रोसिजर सापडली, तरी तिच्या पोटातील नावांचा प्रश्न उरतो. एसक्यूएल पद्धतीने तयार केलेल्या प्रोसिजरमध्ये सुट्या नावाने लिहिलेली टेबले तयार करण्याच्या क्षणीच त्या वेळच्या स्कीमाला बांधली जातात. चाचणीच्या लायब्ररीत तयार केलेली ‘ऊसबिल’ तशीच उचलून खऱ्या लायब्ररीत ठेवली, तर ती तेथे बसून चाचणीच्याच टेबलांतील वजने वाचत राहते. सिस्टिम पद्धतीने केलेली प्रोसिजर, उलट, चालताना कॉल करणाऱ्याची यादी पाहते. शिवाय काही प्रोसिजर या केवळ एखाद्या बाहेरच्या, बहुधा आरपीजी किंवा कोबोल भाषेतील, प्रोग्रामला दिलेले दुसरे नाव असतात. तेथे कॅटलॉगमधील, म्हणजे डेटाबेसच्या वस्तूंच्या सूचीतील, नोंद सापडते, पण नोंदीने दाखवलेल्या लायब्ररीत प्रोग्राम नसतो, आणि एसक्यूएलच्या नेहमीच्या क्रमांकाबरोबर जॉबच्या नोंदवहीत एमसीएच3401 असा वेगळाच क्रमांक उमटतो. तो दिसला की प्रोसिजरचे नाव व पाथ तपासणे थांबवून थेट प्रोग्रामचा ठिकाणा पाहावा.

येथपर्यंतच्या सर्व अडचणींत निदान एरर तरी येते. खरी काळजी करावी ती एरर न येणाऱ्या प्रकाराची. उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजेच एफआरपी, 2023-24च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 315 रुपये होती आणि 2024-25साठी त्याच उताऱ्याला 340 रुपये. समजा, रात्रीच्या कामाच्या लायब्ररी लिस्टमध्ये मागच्या हंगामाची लायब्ररी चुकून वर राहिली. ‘दर’ हे टेबल सापडते, त्यात दरही असतो, प्रोसिजर यशस्वीपणे पूर्ण होते आणि बिले छापली जातात. फक्त प्रत्येक क्विंटलमागे 25 रुपये, म्हणजे टनामागे 250 रुपये कमी पडतात, आणि 100 टन ऊस घातलेल्या शेतकऱ्याचा आकडा 25,000 रुपयांनी घटतो. कोल्हापूर भागातील उतारा या पायाभूत उताऱ्याहून बराच वर असल्यामुळे आणि वाढीव उताऱ्याचा दरही नव्या हंगामात वाढलेला असल्यामुळे प्रत्यक्ष तफावत याहून मोठी निघेल. ज्या जयसिंगपुरात दरवर्षी हंगामाच्या तोंडावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते आणि पहिल्या उचलीच्या रुपया-रुपयावर वाद होतो, तेथे ही चूक शेतकरी पकडेल. पण संगणकाच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. म्हणून “सापडत नाही” असे सांगणारा डेटाबेस हा भलतेच शोधून देणाऱ्या डेटाबेसपेक्षा पुष्कळ बरा म्हटला पाहिजे.

शोधाची दिशा ठरवताना सर्वांत आधी बिघडलेल्या जोडणीतूनच विचारणा करावी, हे तत्त्व पाळावे लागते. दुसऱ्या पडद्यावरून घेतलेली माहिती त्या पडद्याची असते. त्या जोडणीतून चालू पाथ, चालू स्कीमा आणि वापरकर्त्याचे नाव छापून घेतले की निम्मा उलगडा होतो. मग ‘सिसरूटीन्स’ या कॅटलॉगमध्ये त्या नावाच्या सर्व प्रोसिजर, त्यांचे स्कीमा आणि पॅरामीटरची, म्हणजे कॉलबरोबर द्यायच्या मूल्यांची, संख्या पाहावी. एकाच नावाच्या दोन प्रोसिजर निरनिराळ्या संख्येचे पॅरामीटर घेऊन शेजारी राहू शकतात. त्यामुळे कॉलमध्ये एक मूल्य कमी-जास्त झाले, तरी एसक्यूएल0440 हा संदेश येतो, जो म्हणतो की या पॅरामीटरची अशी रूटीन, म्हणजे प्रोसिजर किंवा फंक्शन, नाही, आणि घाईत वाचणारा त्याचा अर्थ रूटीनच नाही असा घेतो. फंक्शनच्या बाबतीत पॅरामीटरचे प्रकारही जुळावे लागतात, आणि डीबी2च्या जुन्या आवृत्त्यांत अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर बदलत्या लांबीचा मानला जाऊन ठरावीक लांबी मागणारे फंक्शन “नाही” ठरत असे.

परवानगीचा प्रश्नही याच मुखवट्याने येतो, आणि तो ओरॅकल, पोस्टग्रेस अशा इतर डेटाबेसांतही दिसतो. ओरॅकलमध्ये दुसऱ्याच्या टेबलावर हक्क नसेल तर ते टेबल अस्तित्वातच नाही असा संदेश परंपरेने दिला जातो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण परक्याला नावाची खातरजमाही करून द्यायची नसते. पोस्टग्रेसमध्ये शोधाच्या यादीतील ज्या स्कीमावर वापरकर्त्याला हक्क नाही तो स्कीमा मुकाट्याने वगळला जातो, त्यामुळे हक्काचा दोष “असे फंक्शन नाही” या रूपात प्रकट होतो. मोठ्या-लहान लिपीचा घोळ वेगळा: रोमन अक्षरांतील साधे नाव ओरॅकल व डीबी2 मोठ्या लिपीत फिरवून शोधतात आणि पोस्टग्रेस लहान लिपीत, म्हणून कोणी अवतरणचिन्हे घालून संमिश्र लिपीत प्रोसिजर तयार केली असेल तर पुढे प्रत्येकाला तीच चिन्हे घालून तिला कॉल करावे लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावाच्या आरंभी ‘एसपी’ व अधोरेषा लावली की शोध आधी प्रणालीच्या मुख्य डेटाबेसकडे वळतो. हा उपसर्ग टाळावा, एवढे त्याबद्दल पुरे.

पोस्टग्रेसमधील शोधयादी, जिला ‘सर्च पाथ’ म्हणतात, तिच्याकडे 2018 साली सर्वांचे लक्ष वेधले गेले. त्या यादीत मुळात वापरकर्त्याच्या नावाचा स्कीमा आणि त्यानंतर सर्वांसाठी खुला असलेला ‘पब्लिक’ स्कीमा असे, आणि ‘पब्लिक’मध्ये कोणालाही नवी वस्तू ठेवता येत असे. म्हणजे एखाद्या सामान्य वापरकर्त्याने तेथे नेहमीच्या फंक्शनच्या नावाचे, पण पॅरामीटरच्या प्रकारांशी अधिक नेमके जुळणारे फंक्शन ठेवले, तर प्रशासकाच्या हक्काने चालणारी क्वेरी नकळत तेच फंक्शन चालवू शके. हा दोष सीव्हीई-2018-1058 या क्रमांकाने नोंदला गेला. त्यानंतर डेटाबेसची प्रत काढण्याचे साधन आपल्या फायलीत सर्च पाथ रिकामाच ठेवू लागले, आणि त्याबरोबर ज्या असंख्य फंक्शनांच्या पोटात टेबलांची सुटी नावे होती ती प्रत परत भरताना “असे टेबल नाही” म्हणून कोसळू लागली. वर्षानुवर्षे चाललेला निष्काळजीपणा एका सुधारणेने उघडा पडला. 2022च्या 15व्या आवृत्तीपासून ‘पब्लिक’मध्ये नवी वस्तू ठेवण्याचा सरसकट हक्कही काढून घेण्यात आला.

मग सर्वत्र पूर्ण नावेच लिहावीत काय? तसा सल्ला पुष्कळदा दिला जातो आणि प्रशासकाच्या हक्काने चालणाऱ्या प्रोसिजरपुरता तो पाळलाच पाहिजे. परंतु हंगामानुसार लायब्ररी बदलणाऱ्या प्रणालीत प्रत्येक प्रोसिजरच्या पोटात हंगामाचे नाव कोरून ठेवले, तर दरवर्षी ऑक्टोबरात शेकडो ठिकाणी ते खोडावे लागेल आणि एखादे राहूनच जाईल. त्यापेक्षा प्रोसिजरला कॉल पूर्ण नावाने करावा, ती सिस्टिम पद्धतीने तयार करून तिच्या आतील टेबले सुटी ठेवावीत, आणि काम सुरू करणाऱ्या एकाच प्रोग्रामने लायब्ररी लिस्ट व पाथ दोन्ही स्वतः ठरवावेत, जोडणीतून काय येईल यावर विसंबू नये, ही मध्यम वाट अधिक टिकाऊ ठरते. ‘दर’च्या टेबलात हंगामाचाही रकाना ठेवून ‘ऊसबिल’ने हिशेबाला हात घालण्यापूर्वी तो मागितलेल्या हंगामाशी ताडून पाहिला आणि जुळला नाही तर ती स्वतःहून एरर देऊन थांबली, तर 315 आणि 340 यांतील फरक बिले छापण्याच्या आधीच उघडकीला येतो.